चाकांवरच्या घराची वीज

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात वसलेले सोनाळा हे गाव वऱ्हाडातील भाविकांस संत सोनाजी महाराजांमुळे आणि वनप्रेमी प्रवाशांस मेळघाट व्याघ्रप्रकल्पात मोडणाऱ्या अंबाबरवा अभयारण्यामुळे परिचित आहे. मागल्या वैशाखात एका स्नेह्यांच्या फिरत्या घरातून, म्हणजे ज्यात बिछाना, शेगडी, फ्रीज आणि पंखा यांची सोय केलेली असते अशा मोटारीतून, येथे दोन रात्रींचा मुक्काम घडला. आणि भिंतीवरचे बटण दाबले की दिवा लागतो, याहून अधिक विचार ज्याने कधी केला नव्हता, त्या मला विजेचा संसार कसा चालवावा लागतो याचा पहिला पाठ तेथे मिळाला.

चालत्या विजेचे आपल्या महाराष्ट्रास नावीन्य नाही. तमाशाचे फड आणि जत्रेतील तंबूंतले सिनेमे आपली जनित्रे बरोबर घेऊनच गावोगाव हिंडले. परंतु जनित्राची घरघर खेळापुरती शोभते. अरण्याच्या कडेला निजणाऱ्या माणसास शांततेत चालणारी वीज हवी असते, आणि ती साठवल्यावाचून मिळत नाही. राज्य शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखल्यापासून अशा वाहनांविषयी कुतूहल वाढले असले, तरी त्यांच्या पोटातील ही व्यवस्था फारच थोड्यांनी न्याहाळलेली असते.

या घरात दोन खजिने असतात. एक बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी, दुसरी घरखर्चासाठी. आणि दोहोंमध्ये असा बंदोबस्त असतो की इंजिन चालू असता अल्टरनेटर दोघींनाही भरतो, ते थांबताच मधला रिले तुटून घराचा खर्च इंजिनाच्या ठेवीस शिवत नाही. हा बंदोबस्त नसता तर रात्रभर पंखा चालवणाऱ्या गृहस्थास सकाळी गाडी ढकलण्यासाठी गावातील मंडळी जमवावी लागली असती.

आमच्या गाडीतील घरखर्चाची बॅटरी १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची, म्हणजे २४०० वॅट-तासांची होती. मात्र शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक उपसा वारंवार केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून खरी खर्चण्याजोगी शिल्लक १२०० धरावी. आता रोजकीर्द पाहा. चार दिवे पाच तास जळले तर १००, रात्रभराचा छोटा पंखा १६०, उन्हाळ्यातील फ्रीज सुमारे ६००, आणि दूरध्वनी वगैरे किरकोळ बाबींचे ४०; एकूण नावे ९००. जमेकडे टपावरची २०० वॅटची सौर पट्टी साडेचार तासांच्या भरउन्हात तेवढेच देईल असे कागदावर दिसते, परंतु वऱ्हाडचे ऊन हे उजेडाबरोबर उष्णताही घेऊन येते. पट्टीचे तापमान २५ अंशांवर गेले की दर अंशामागे तिची शक्ती सुमारे ०.४ टक्क्याने उतरते, आणि वैशाखात ६५ अंशांवर तापलेली पट्टी जवळपास सोळा टक्के वसूल गमावून बसते. तारांतील आणि भरणातील घट धरता हाती सातशेच लागतात; दोनशेंची तूट येते. ती भरून काढण्यास तासाभराचा प्रवास पुरतो, एका जागी तळ ठोकल्यास पुरत नाही.

पहाटे पाहिले तर मोजणीयंत्राच्या काचेवर १२.२ हा आकडा होता. स्वस्थ बॅटरीच्या बाबतीत १२.७ म्हणजे भरलेली आणि १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. स्नेह्यांनी तत्काळ फ्रीज बंद केला. आत दही होते, त्याची आम्ही न्याहारीतच विल्हेवाट लावली.

वातानुकूलनाचा मोह पुष्कळांस होतो, आणि येथेच बहुतेक फसतात. इन्व्हर्टर १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करून देतो खरा, परंतु १५०० वॅटच्या वातानुकूलन यंत्रासाठी बॅटरीकडून सव्वाशेहून अधिक अँपिअर ओढावे लागतात. आमची शिल्लक तासाभरातच संपली असती. एवढा प्रवाह वाहणारी तार अंगठ्याएवढी जाड आणि जमेल तितकी आखूड असावी, तिचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा, आणि टोकावरचे नट घट्ट असावेत. स्नेह्यांनी माझा हात एका नटाजवळ नेला तेव्हा तो गरम लागला. पाना एक आटा फिरला आणि थोड्या वेळाने तोच नट थंड झाला. सैल जोडणी म्हणजे आगीची सुरुवात, हे त्या बोटभर उष्णतेने मला जितके पटवले तितके कोणत्याही पुस्तकाने पटवले नसते.

मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरून वीज घ्यावयाची असेल तर आधी अर्थिंग तपासावे. धातूची गाडी रबरी टायरांवर उभी असते. अर्थिंग नसलेल्या प्लगमधून बिघडलेली वीज अंगणात उभ्या माणसाच्या देहातूनच मार्ग काढते. म्हणून ३० मिलीअँपिअरवर उडणारा गळतीरोधक स्विच गाडीत असलाच पाहिजे. त्याच्या किमतीत काटकसर करणे मी अपराध समजतो.

सोनाळ्याच्या वाटेने चाकांवरचे घर घेऊन येणाऱ्या प्रत्येकास माझी विनंती आहे, की अरण्यात शिरण्यापूर्वी बॅटरीचा आकडा पाहावा, नट हाताने चाचपावेत, आणि मगच रात्रीचा बेत ठरवावा.