सिमल्याची वाट चंदीगडवरून

सिमला पाहावयाचे असेल तर तो प्रवास चंदीगडहून आरंभावा, असा माझा आग्रह आहे, आणि त्यामागे केवळ सोयीचा विचार नाही. १९४७ साली फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले, तेव्हा पूर्व पंजाबचे सरकार आपले दफ्तर घेऊन सिमल्याच्या डोंगरावर येऊन बसले. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवी राजधानी उभी राहीपर्यंत त्या प्रांताचा कारभार तेथूनच चालला, आणि १९५३ च्या ७ ऑक्टोबरला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते चंदीगडचे उद्घाटन झाले. म्हणजे ल कॉर्ब्युझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आखलेल्या या शहराच्या रुंद, सरळ रस्त्यांवरून जो प्रवासी सिमल्याकडे निघतो, तो स्वतंत्र देशाने सपाटीवर वसविलेल्या राजधानीतून, परक्या सत्तेने उंचावर बसून राज्य करण्यासाठी वसविलेल्या राजधानीकडे जात असतो. ही दिशा ध्यानात धरली म्हणजे सिमला हे थंड हवेचे रम्य ठिकाण एवढेच उरत नाही. ते सत्तेच्या स्वभावाचे दर्शन घडविणारे स्थळ होते.

हा प्रवास एका दिवसात होतो. रस्त्याने हे अंतर सुमारे ११५ किलोमीटर आहे. परतताना त्याच वाटेने यावे, परंतु जाताना मात्र पहाटे कालका गाठून तेथील लहान आगगाडी धरावी. १९०३ च्या नोव्हेंबरात खुला झालेला हा अडीच फुटी रुळांचा मार्ग सुमारे ९६ किलोमीटरांत चौदाशे मीटरची चढण चढतो. त्यावर शंभराहून अधिक बोगदे, आठशेंवर पूल आणि नऊशेंवर वळणे आहेत, आणि २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत त्याची गणना होते. कनोह स्थानकाजवळ दरीवर चार मजली दगडी कमानींचा एक पूल आहे. तो सरळ नसून धनुष्याकृती असल्यामुळे, मागल्या डब्यातील प्रवाशाला पुढचे इंजिन आणि त्याच्याखाली एकावर एक रचलेल्या कमानी एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. तोफगोळ्याच्या वेगाने नव्हे, तर पायरीपायरीने हा डोंगर कसा जिंकला गेला, हे त्या क्षणी कोणी न सांगताही कळते.

तथापि कोणी सांगणारा सोबत असावा हे बरे, कारण जे दिसत नाही ते तोच दाखवू शकतो. बडोग येथे अकराशे मीटरांहून लांब असा या मार्गावरील सर्वांत मोठा बोगदा लागतो, आणि तेथे भल्कूचे नाव आदराने घेतले जाते. बोगद्याची आखणी चुकली, दोन बाजूंनी खणत आलेले कामगार एकमेकांना भेटेनात, तेव्हा अक्षरशत्रू असलेल्या या डोंगरी माणसाने काठीने कातळ ठोकत साहेबांना योग्य वाट दाखविली, अशी कथा सांगतात. कथेत लोकांनी भर घातली असेलही. परंतु भल्कू खरा होता, सिमल्यात रेल्वेच्या संग्रहालयाला आज त्याचेच नाव आहे, आणि अभियंत्यांच्या नावांनी भरलेल्या इतिहासात स्थानिक ज्ञानाला मिळालेली ही जागा मला फार मोलाची वाटते.

सिमल्याचा उत्कर्ष झपाट्याने झाला. गुरख्यांशी झालेल्या युद्धानंतर हा मुलुख इंग्रजांच्या प्रभावाखाली आला. १८२२ मध्ये केनेडी या अधिकाऱ्याने येथे पहिले पक्के घर बांधले आणि १८६४ पासून ते हिंदुस्थान सरकारचे उन्हाळी ठाणे झाले. तेव्हापासून दरवर्षी कलकत्त्याची कचेरी खलिते, नकाशे, लेखनिक व शिपाई यांसह हजारावर मैलांचा प्रवास करून येथे चढू लागली, आणि कित्येक कोटी प्रजेचे राज्य वर्षातील निम्म्याहून अधिक काळ देवदारांच्या छायेतून चालू लागले. महाबळेश्वराचा परिचय असलेल्या मराठी वाचकाला ही रीत नवी नाही. मुंबईचा गव्हर्नरही उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास मुक्काम हलवीत असे.

मध्यान्हीच्या सुमारास ऑब्झर्व्हेटरी टेकडीवरील व्हाइसरॉयच्या प्रासादाकडे जावे. हेन्री आयर्विन याच्या आराखड्यानुसार बांधलेल्या या करड्या दगडाच्या वास्तूत १८८८ मध्ये लॉर्ड डफरिन राहावयास आला. येथे तिकीट काढलेल्या पाहुण्यांना लहान गटांनी आत नेतात आणि वाटाड्या माहिती सांगत फिरवितो. प्रवेशदालनात पाऊल ठेवताच ब्रह्मी सागवानाचे तेज डोळ्यांत भरते. वर चढत जाणारा जिना, तक्तपोशी आणि सज्जांचे कठडे यांवरील कोरीव काम पाहताना मान आपोआप मागे झुकते, आणि येणाऱ्याची मान अशी झुकावी हाच ती वास्तू रचणाऱ्यांचा हेतू असावा. येथेच १९४५ च्या जून-जुलैत लॉर्ड वेव्हेलने बोलाविलेली परिषद, मुसलमान प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार केवळ मुस्लिम लीगचा या जिनांच्या हट्टामुळे मोडली. येथेच १९४७ च्या मे महिन्यात माउंटबॅटनने सत्तांतराचा गुप्त मसुदा नेहरूंना दाखविला, नेहरूंनी तो संतापाने नाकारला, आणि व्ही. पी. मेनन यांना अवघ्या काही तासांत नवा मसुदा लिहून द्यावा लागला. कोट्यवधी लोकांच्या घरादाराचे भवितव्य इतक्या थोड्या अवधीत कागदावर उतरले, ही गोष्ट त्या शांत दालनात ऐकताना अंगावर काटा येतो.

तेथून माल रस्त्यावर यावे. आज येथे सर्वजण पायी हिंडतात. साम्राज्याच्या काळी गाडी नेण्याचा मान फक्त व्हाइसरॉय, सरसेनापती व पंजाबचा गव्हर्नर यांना होता, आणि इतर प्रतिष्ठितांच्या रिक्षा माणसे ओढीत. वरच्या रस्त्यावरील डौल खालच्या बाजारातील हमालांच्या पाठीवर उभा होता. आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांना सरकारी स्वाऱ्यांचे सामान वाहण्यासाठी वेठीस धरले जाई, आणि त्या वेठबिगारीविरुद्ध १९२१ मध्ये झालेल्या लढ्याचे नेतृत्व सॅम्युअल स्टोक्स या, येथेच स्थायिक झालेल्या अमेरिकन गृहस्थाने केले. १८८७ चे गेइटी नाट्यगृह, रिजवरील पिवळसर ख्राइस्ट चर्च, मुंबईच्या रिचर्डसन अँड क्रडास कंपनीने ओतीव लोखंड व पोलादात उभारलेली रेल्वे बोर्डाची इमारत, हे सारे अवश्य पाहावे; पण या श्रमांचे स्मरण ठेवून पाहावे. स्कँडल पॉइंटवर लाला लजपतराय यांचा पुतळा आहे. तो मूळचा लाहोरचा. फाळणीनंतर तेथून तो येथे आणला गेला, आणि पंजाबच्या सरकारासारखाच निर्वासित होऊन या डोंगरावर स्थिरावला.

पीटरहॉफ या जागेने तर दोन्ही शहरे एकत्र गुंफली आहेत. नवा प्रासाद होण्यापूर्वी व्हाइसरॉय तेथे राहत; स्वातंत्र्यानंतर तेथे पूर्व पंजाबचे उच्च न्यायालय बसले, गांधीहत्येच्या खटल्याचे अपील १९४९ मध्ये तेथेच चालले, आणि १९५५ मध्ये ते न्यायालय चंदीगडला ल कॉर्ब्युझिएच्या नव्या इमारतीत गेले. मूळ पीटरहॉफ १९८१ मध्ये आगीत जळाले. न्यायासनाचा हा प्रवास समजून घेण्यासाठी दुसऱ्या दिवशी चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलाची मार्गदर्शित फेरीही घ्यावी. त्या शहरासाठीही गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या, हे तेथे विसरू नये. जी कसोटी आपण साम्राज्याच्या नगरीला लावतो, ती स्वराज्याच्या नगरीलाही लावलीच पाहिजे.

अशा वास्तूंचे पुढे काय करावे, या प्रश्नाला आपल्या देशाने एक सुसंस्कृत उत्तर दिले आहे. राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने व्हाइसरॉयचा प्रासाद उच्च अध्ययनाच्या संस्थेला मिळाला आणि १९६५ मध्ये तिचे उद्घाटन झाले. जेथे हुकूम लिहिले जात, तेथे आज ग्रंथ वाचले व लिहिले जातात. पुण्यात गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या बंगल्याचेही १९४९ मध्ये विद्यापीठ झाले, आणि योग असा की १९५८ ते १९६२ या काळात चंदीगडला पंजाबचे राज्यपाल असलेले काकासाहेब गाडगीळ पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सिमल्याच्या प्रासादात रोज जशी जाणत्या माणसाच्या सोबतीने वास्तू दाखविली जाते, तशी सोय आपल्या महाबळेश्वरास, माथेरानला आणि गणेशखिंडीतही नित्याची व्हावी, आणि दाखविणाऱ्याने गव्हर्नरांच्या नावांबरोबर ते रस्ते फोडणाऱ्या कैद्यांचे व मजुरांचेही वृत्त सांगावे. परक्यांनी बांधलेल्या नगरीवर आपला हक्क इतिहास नीट सांगण्याने सिद्ध होतो, आणि तो सांगणे हे आपल्याच हाती आहे.