धातूच्या पोटातली पोकळी

कुरुंदवाडच्या परिसरात कृष्णा-पंचगंगेचे पाणी उसाच्या रानात चढवणाऱ्या पंपाचे बीडाचे घर बाहेरून गुळगुळीत दिसते. ते आतून भरीव आहे का, हे मात्र लेथवर चढवल्यावरच कळते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ओतलेल्या कास्टिंगवर हत्यार फिरते आणि शेवटच्या फेरीला एखादे भोक उघडे पडते. तोवर वीज, मजुरी, वेळ सारे खर्ची पडलेले असते.

ओतकाम करणारा आधी भोकाचा आकार पाहतो. भोक गोल व गुळगुळीत असेल, तर संशय वायूवर. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये मावणारा हायड्रोजन धातू घट्ट होताना सुमारे वीस पटींनी कमी मावतो; उरलेला बुडबुडा होऊन अडकतो. भोक ओबडधोबड असेल, तर कारण आकुंचन. ॲल्युमिनियम गोठताना सहा-सात टक्के आकसते. सर्वांत शेवटी गोठणाऱ्या जागेला नवा रस मिळाला नाही, तर तिथे पोकळी राहते. म्हणूनच साच्याला रायझर ठेवतात.

आता एक तिसरा आकार पाहू. ८ एप्रिल १९८२ रोजी डॅन शेश्टमन यांना झटपट थंड केलेल्या ॲल्युमिनियम-मँगनीज मिश्रधातूत पंचकोनी सममिती आढळली. अणूंची रचना शिस्तबद्ध, पण एकच नक्षी पुन्हा पुन्हा न येणारी. हेच क्वासिक्रिस्टल. शेश्टमन यांना २०११चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे ॲल्युमिनियम-पॅलेडियम-मँगनीजचे मोठे, टिकाऊ क्वासिक्रिस्टल वाढवता आले, आणि त्यांच्या पोटात सूक्ष्म भोके सापडली. त्यांतली अनेक ना गोल होती ना ओबडधोबड. त्यांना बारा पंचकोनी पैलू होते.

पंचकोनी फरशा जोडल्या की मध्ये फटी राहतात, तशीच ही भोके असतील असे वाटणे साहजिक आहे. पण अणूंमधली फट नॅनोमीटरच्याही अंशाइतकी, तर ही भोके मायक्रोमीटरच्या मापाची, म्हणजे हजारो पट मोठी. कारण दुसरीकडे शोधायला हवे.

गोठताना होणारे आकुंचन इथेही आहेच. शिवाय तापलेल्या घन धातूत अणूंच्या काही जागा रिकाम्या असतात. तापमान उतरले की इतक्या रिकाम्या जागा टिकू शकत नाहीत. त्या पृष्ठभागापर्यंत पोहोचल्या तर नाहीशा होतात. वाटेत एकमेकींना भेटल्या तर त्यांची पोकळी बनते. ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनमधील क्ष-किरणांनी क्वासिक्रिस्टल वाढतानाच पाहता आले, तेव्हा वाढ चालू असतानाही भोके होताना दिसली. म्हणजे सगळा दोष नंतरच्या थंड होण्याला देता येत नाही.

मग पैलू कुठून आले? क्वासिक्रिस्टलचा प्रत्येक दिशेचा पृष्ठभाग सारखाच स्वस्त नसतो. काही दिशांना तो बनवायला कमी ऊर्जा लागते. उष्णतेत भिंतीवरचे अणू सरकत राहतात आणि भोकाला तेच स्वस्त पैलू येतात. बाहेर वाढताना स्फटिकाला जो आकार येतो, त्याचाच हा आतला साचा.

म्हणून पैलूदार भोक पाहून त्याचा जन्म आकुंचनातून झाला की रिकाम्या जागांतून, हे ठरवता येत नाही. पुरेसा वेळ गरम राहिलेले भोक मूळचे कसेही असो, पैलू धारण करू शकते. फाउंड्रीत आकार कारण सांगतो. इथे तो भोकाने उष्णतेत काढलेल्या काळाची साक्ष देतो. कारण हवे असेल, तर भोक होत असतानाच पाहावे लागते.