चेहरा ओढला जातो, म्हणजे स्वच्छ झाला का?

दिवाळी सरली की वैनगंगेच्या काठची गावे रात्र रात्र जागू लागतात. कुठे मंडई, कुठे शंकरपट आणि त्या निमित्ताने नाटक. देसाईगंज म्हणजे वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे. शेजारच्या आरमोरी तालुक्यातही या नाटकांना भरभरून गर्दी होते. रात्री उघडलेला पडदा पहाटे पडतो आणि मग कडाक्याच्या थंडीत कलावंताला तोंडावरचा रंग उतरवायचा असतो. हाताशी बहुधा अंगाला लावायचा साबणच असतो. एकदा लावून रंग निघत नाही, म्हणून दोनदा-तीनदा चोळायचे. दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी पुन्हा तेच. होळीपर्यंत हंगाम चालतो, तोवर गाल फुटलेले आणि नाकाच्या कडा लाल झालेल्या असतात.

रंगमंचावर कधीच न चढणाऱ्यांची गोष्टही फार वेगळी नाही. धान चुरताना उडालेली धूळ, चुलीचा धूर, मोटारसायकलवर तोंडावर घेतलेला गार वारा. घरी आल्यावर साबण घेऊन चेहरा घासायचा, तो चरचरीत होईपर्यंत. कातडी ओढल्यासारखी झाली की समाधान वाटते, ‘आता मळ निघाला.’ त्वचाशास्त्र मात्र सांगते की, ओढलेली कातडी ही स्वच्छतेची खूण नाही. मळासोबत त्वचेचे स्वतःचे तेलही निघून गेल्याची ती खूण आहे.

कोसा आणि कातडी

साबण नेमके काय करतो, हे समजायला आरमोरीकरांना लांब जायला नको. हा परिसर कोशासाठी, म्हणजे टसर रेशमासाठी ओळखला जातो. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या वाढवून मिळणारा कोसा टणक असतो, कारण त्याचा धागा सेरिसिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने चिकटलेला असतो. साध्या पाण्यात तो सहज सुटत नाही. म्हणून पाण्यात सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ टाकून कोसा उकळतात. डिंक मऊ पडतो आणि धागा मोकळा होतो.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थरही असाच चिकटवलेला असतो. तो मिलिमीटरच्या साधारण पन्नासाव्या ते शंभराव्या भागाइतका, म्हणजे कागदाहूनही पातळ असतो. मृत पेशी जणू विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ जणू चुना. या चुन्यात सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले असतात. तो शाबूत असला तर आतले पाणी बाहेर उडत नाही आणि बाहेरची धूळ, जंतू, रसायने आत शिरत नाहीत. कोशातला डिंक प्रथिनाचा आणि कातडीतला चुना मेदाचा, एवढा फरक आहे. पण साबणाचा मारा दोन्हीकडे वीण सैल करतो.

त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 4.7 ते 5.5 असतो. जर्मनीत शाडे आणि मार्किओनिनी या संशोधकांनी 1928 मध्येच या थराला ‘आम्लाचे कवच’ असे नाव दिले. तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून बनणाऱ्या वडीच्या साबणाचा सामू 9 ते 10 असतो. धुतल्यावर त्वचेचा सामू वर चढतो, पेशी फुगतात आणि स्निग्ध पदार्थ मळासोबत वाहून जातात. निरोगी, तेलकट त्वचा काही तासांत सावरते. कोरड्या किंवा नाजूक त्वचेला मात्र पुढच्या धुण्यापर्यंत तेवढी सवड मिळत नाही. त्यात हिवाळ्याची कोरडी हवा आली की आग, खाज, पापुद्रे असे एकामागून एक सुरू होते. बोअरवेलचे पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा चिकट साका बनतो आणि तो त्वचेवर बसून राहतो.

वेष्टनावर काय पाहावे?

सगळ्या वड्या सारख्या दिसल्या तरी सगळे साबण नसतात. ‘सिंडेट’ किंवा ‘सोप-फ्री’ प्रकारात पारंपरिक साबणाऐवजी कृत्रिम, सौम्य मळकाढू घटक असतात आणि त्यांचा सामू त्वचेच्या जवळ ठेवता येतो. असे पदार्थ जड पाण्यातही साका धरत नाहीत. 1979 मध्ये फ्रॉश आणि क्लिगमन यांनी बाजारातले साबण माणसांच्या त्वचेवर तपासले, तेव्हा त्यांच्या दाहकतेत मोठा फरक आढळला. म्हणजे निवडीला अर्थ आहे.

घटकांच्या यादीत सुरुवातीलाच सोडियम पामेट, सोडियम टॅलोएट, सोडियम कोकोएट अशी नावे असतील तर तो साधा साबण. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, डेसिल ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बीटेन ही तुलनेने सौम्य घटकांची नावे. सोडियम लॉरिल सल्फेट वरच्या क्रमांकावर दिसले तर कोरड्या त्वचेने टाळलेले बरे. ग्लिसरीन किंवा सिरामाइड असेल तर चांगले.

टॉयलेट सोपच्या वेष्टनावर ‘टीएफएम’चा आकडाही असतो. भारतीय मानकानुसार पहिल्या दर्जाच्या टॉयलेट सोपमध्ये तो किमान 76 टक्के लागतो. हा आकडा साबणातल्या मेदाचे प्रमाण सांगतो, सामू सांगत नाही. पहिल्या दर्जाचा साबणही अल्कधर्मीच असतो.

सुगंध हे नाजूक त्वचेला त्रास होण्याचे नेहमीचे कारण आहे. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या वस्तूत मूळ वास झाकायला दुसरा सुगंध घातलेला असू शकतो, म्हणून ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ शोधावे. दाणेदार स्क्रब, मेन्थॉलचा गारवा, जंतुनाशक साबण, सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक आम्ल असलेले फेसवॉश यांपासून अशा त्वचेने लांबच राहावे. फेस कमी येतो म्हणून मळ निघत नाही, असेही नाही. फेसाचा आणि स्वच्छतेचा थेट संबंध नाही. महाग तेच सौम्य, हाही गैरसमज. आधी लहान पुडा घ्यावा, कोपराच्या आतल्या बाजूला तीन-चार दिवस लावून, धुऊन पाहावे आणि मगच चेहऱ्यावर वापरावा.

घरगुती उपायांनाही हाच निकष लावावा. लिंबाचा रस फार आम्लधर्मी, खाण्याचा सोडा अल्कधर्मी. बेसनाने किंवा मातीने जोर लावून घासले तर वरचा थर खरवडला जातो. ‘नैसर्गिक’ म्हणजे सौम्य, असे समीकरण नाही.

धुण्याची रीत

दिवसातून दोनदा चेहरा धुणे पुरे. त्वचा फारच कोरडी असेल तर सकाळी नुसते पाणी चालते. पाणी कोमट असावे. चुलीवरचे कढत पाणी थंडीत बरे वाटते, पण ते तेल आणखी लवकर काढून टाकते. बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट हलकेच फिरवून, कपाळाच्या व जबड्याच्या कडा नीट धुवाव्यात. मऊ सुती कापडाने टिपावे, पुसू नये. चेहरा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर किंवा साधी पेट्रोलियम जेली लावावी.

मेकअप काढायचा असेल तर आधी तेल आणि मग पाणी, हा क्रम ठेवावा. खोबरेल तेल किंवा लिक्विड पॅराफिन हलक्या हाताने लावले की रंग त्यात विरघळतो. तो कापसाने किंवा मऊ फडक्याने टिपून घ्यावा आणि मग एकदाच सौम्य क्लीन्सरने धुवावे. मुरुमांची त्वचा असणाऱ्यांना खोबरेल तेल मानवेलच असे नाही, त्यांनी तैलविरहित मेकअप रिमूव्हर पाहावा.

साबण बदलूनही आग होत असेल तर

काही वेळा दोष साबणाचा नसतो. गोरेपणासाठी किंवा डागांसाठी दुकानातून आणलेल्या मलमात स्टिरॉइड असू शकते. आठवडाभरात चेहरा उजळतो, म्हणून लोक ते महिनोन्‌महिने लावतात. त्वचा पातळ पडते, लालसर होते, केशवाहिन्या दिसू लागतात आणि मग साधे पाणीही झोंबते. मलम बंद करताच त्रास उसळतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. असे मलम वापरात असेल तर ते डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांच्या सल्ल्यानेच थांबवावे.

दुसरी गोष्ट या भागासाठी अधिक महत्त्वाची. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे रुग्ण आजही आढळतात. चेहऱ्यावर किंवा अंगावर फिकट वा लालसर, कोरडा चट्टा असेल, त्यावर घाम येत नसेल, स्पर्श कमी कळत असेल, तर त्याला ‘थंडीने फुटलेली कातडी’ समजून क्रीम चोळत बसू नये. त्यात खाज किंवा दुखणे नसते, म्हणूनच दुर्लक्ष होते. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, आणि वेळेवर उपचार घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

बाकी साध्या कोरडेपणासाठी एकच कसोटी पुरेशी आहे. चेहरा धुऊन काहीही न लावता दहा मिनिटे थांबावे. गाल ओढले नाहीत, आग झाली नाही, चेहऱ्याची आठवणही झाली नाही, तर तो क्लीन्सर आपला. ओढ जाणवली, तर वेष्टनावर काहीही लिहिलेले असो, तो बदलावा.