गाव नसलेल्या बातम्या

२१ सप्टेंबर १९९५ ला सकाळी दिल्लीतल्या एका देवळात गणपतीची मूर्ती दूध प्यायली अशी बातमी उठली आणि बघता बघता मुंबई-पुण्यापासून थेट लंडनपर्यंत देवळांपुढे वाट्या-चमचे घेतलेल्या माणसांच्या रांगा लागल्या. भारतात मोबाइल सेवा तेव्हा जेमतेम सुरू झाली होती. निरोप गेले ते घरच्या फोनवरून आणि एसटीडी बूथवरून. त्यामुळे ‘अफवा सोशल मीडियानेच आणल्या’ असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. पण त्या दिवशी एक सोय होती. ज्याला शंका आली तो कोपऱ्यावरच्या देवळात जाऊन स्वतः चमचा लावून पाहू शकत होता. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध घेऊन ते मूर्तीच्या अंगावरून खाली कसं ओघळतं ते दाखवलं. बातमीला गाव होतं, जागा होती, तिथवर चालत जाता येत होतं. गेल्या तेरा-चौदा वर्षांकडे मागे वळून पाहताना मला वाटतं, आपण गमावली ती हीच सोय.

२०१२ च्या ऑगस्टपासून सुरुवात करावी लागते. आसाममधला हिंसाचार आणि म्यानमारमधल्या रोहिंग्यांवरचे हल्ले यांच्या निषेधासाठी ११ ऑगस्टला मुंबईच्या आझाद मैदानावर सभा झाली. तिचा शेवट दंगलीत झाला, दोन माणसं मेली, अमर जवान स्मारकाची विटंबना झाली. त्याआधी आणि त्यानंतर जी छायाचित्रं फिरत होती, त्यांतलं एक मला विसरता येत नाही. लाल वस्त्रांतले बौद्ध भिक्खू आणि त्यांच्यासमोर प्रेतांचा खच. ‘म्यानमारमधली कत्तल’ म्हणून ते पाठवलं जात होतं. प्रत्यक्षात ते तिबेटी वस्तीच्या युशू भागात २०१० साली झालेल्या भूकंपानंतरचं होतं. मृतांच्या अंत्यविधीसाठी धावून आलेले भिक्खू खुनी ठरले होते. छायाचित्र खरं होतं, त्यात कसलाही फेरफार नव्हता. काढून घेतली होती ती फक्त जागा आणि तारीख.

त्याच आठवड्यात बंगळुरूहून आणि पुण्याहून ईशान्येकडची हजारो मुलं-मुली मिळेल त्या गाडीने घरी निघाली. ‘ईदनंतर तुमच्यावर हल्ले होणार’ असे एसएमएस त्यांना येत होते. सरकारने पंधरा दिवसांसाठी एका दिवशी पाचच एसएमएस पाठवता येतील अशी मर्यादा घातली, ती पुढे वीसवर नेली. हा पाचचा आकडा लक्षात ठेवावा, तो सहा वर्षांनी पुन्हा येतो.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारणारी पालघरची एक मुलगी आणि ती पोस्ट ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. ज्या कलम ६६-अ चा तेव्हा वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवलं. ही नोंद करतो ती एवढ्यासाठी, की खोट्या बातम्यांवरचा उपाय म्हणून दरवेळी अटकेची मागणी करणाऱ्यांनी ते प्रकरण आठवावं.

२०१४ च्या मे महिन्याच्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब यांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर आली. पुणे पेटलं. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये नमाज पढून परतणाऱ्या, मूळच्या सोलापूरच्या एका तरुणाला जमावाने मारून टाकलं. आयटी क्षेत्रात काम करणाऱ्या त्या मुलाचा त्या चित्रांशी काडीचाही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढीच त्याची ओळख जमावाने पाहिली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. मुलगा गेला तो गेला, आणि कायद्याच्या लेखी त्याला कुणीच मारलं नाही.

मग २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ज्या पाड्यांवर वर्तमानपत्र कधी पोहोचलं नव्हतं तिथे व्हिडिओ पोहोचले. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पण पाहायला शिकण्याआधीच पाहायला मिळालं, हे मात्र खरं.

राईनपाडा इथेच येतो, आणि इथे थांबायला हवं. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे आदिवासी गाव, आठवडी बाजाराचा दिवस. एसटीतून पाच जण उतरले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला म्हणे. ‘मुलं पळवणारी टोळी’ अशी हाक उठली. बाजारातून त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथे बंद खोलीत ते पाचही जण मरेपर्यंत मारलं. मारणाऱ्यांच्या भोवती मोबाइल धरलेले हात होते. ते व्हिडिओही त्याच संध्याकाळी पुढे पाठवले गेले. वीसहून अधिक जणांना पुढे अटक झाली.

त्याआधीचे कित्येक दिवस त्या भागातल्या फोनवर काय येत होतं? ‘सावध राहा, मुलं पळवणारे आले आहेत, अवयव काढून विकतात.’ सोबत ओळीने ठेवलेल्या लहान मुलांच्या प्रेतांचं दृश्य. ती मुलं सीरियातल्या घौता भागातली होती, २१ ऑगस्ट २०१३ च्या रासायनिक हल्ल्यात गेलेली. त्या वर्षी देशभर फिरलेल्या दुसऱ्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांमधून एकाला उचलून नेतात. तो कराचीतल्या एका संस्थेने पालकांना जागं करण्यासाठी बनवलेला जनजागृतीपट होता. मूळ व्हिडिओच्या शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि कराचीत मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो असं लिहिलेला फलक दाखवतात. फिरलेल्या आवृत्तीत हा शेवट कापलेला होता. मुलांना जपा असं सांगणाऱ्या त्या काही सेकंदांच्या कापाकापीतून देशात माणसं मेली.

मला सर्वांत जास्त बोचते ती वेगळीच गोष्ट. डवरी गोसावी, वासुदेव, पिंगळा, बहुरूपी, नंदीबैलवाले ही माणसं महाराष्ट्राच्या गावांना अनोळखी नव्हती. दर सालच्या ठरावीक दिवसांत ती येत. आजीला त्यांचा आवाज ओळखू येई, सुपात धान्य काढून ठेवलेलं असे. गावाबाहेरचा माणूस कोण आहे हे सांगणारं एक पिढीजात ज्ञान गावाकडे होतं. धुळ्याच्या पश्चिम पट्ट्यात मंगळवेढ्याकडचा गोसावी कदाचित तितकासा परिचित नसेल, हे मान्य. पण ‘कुठले तुम्ही, कुठल्या पंथाचे’ एवढं विचारायची रीत तर सगळीकडेच होती. फोनवरच्या त्या चित्रांनी ती रीत पुसून टाकली. पाच माणसं समोर उभी होती आणि लोकांनी पाहिलं ते घौताचं दृश्य. डोळ्यांपुढचा माणूस खोटा ठरला आणि पडद्यावरचा खरा.

त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबाला अशाच जमावाने घेरलं. बरोबर लहान मूल होतं. तिथे स्थानिक लोक आणि पोलीस मध्ये पडले आणि ते कुटुंब वाचलं. अफवा तीच होती, फोनही तसलेच होते. फरक पडला तो मध्ये उभं राहणाऱ्या माणसांमुळे. राईनपाड्याबद्दल हजारो शब्द लिहिले गेले, मालेगावच्या त्या रात्रीबद्दल फारच थोडे. मला ती रात्र जास्त अभ्यासण्याजोगी वाटते.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुन्हा पाच. खूण आली खरी, पण संदेश मामाने पाठवलेला असतो, शाळेतल्या मित्राने पाठवलेला असतो, आणि विश्वास त्या नावावर असतो. बारीक अक्षरातली खूण मामापुढे टिकत नाही.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांचा अभ्यास आला होता. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा सत्तर टक्क्यांनी जास्त निघाली. यंत्रचालित खाती वजा केली तरी निष्कर्ष बदलला नाही. पाठवणारी माणसंच होती.

१६ एप्रिल २०२०, टाळेबंदीची रात्र. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाने मारले. ते गुरूंच्या अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. रात्री चोर फिरतात अशी अफवा त्या भागात आठवड्यापासून होती. तीन दिवसांनी व्हिडिओ बाहेर आला आणि त्यातली एक आरोळी लोकांनी ‘शोएब’ अशी ऐकली. ती ‘ओये बस’ होती. एका रात्रीत आदिवासी पाड्यातल्या भीतीचं प्रकरण धर्माचं झालं. अखेर तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही असं सांगावं लागलं. आरोपींची नावं धर्म पाहण्यासाठी वाचली जावीत, ही वेळ राज्यावर आली याचं दुःख मला आजही आहे.

याच फोनने माणसं वाचवलीही, हे सांगितलं नाही तर मागोवा खोटा ठरेल. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात कुठल्या गल्लीत बोट हवी ते याच गटांवरून कळत होतं. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ऑक्सिजन कुठे आहे, खाट कुठे रिकामी आहे, हे अनोळखी लोक रात्र-रात्र जागून एकमेकांना सांगत होते. तिथेही जुने, बंद पडलेले नंबर फिरायचे. मग काही तरुणांनी नियम केला की स्वतः फोन करून खात्री केल्याशिवाय नंबर टाकायचा नाही, आणि टाकताना तपासल्याची वेळ लिहायची. एवढ्या साध्या शिस्तीने त्या याद्या विश्वासाच्या झाल्या.

जून २०२३ मध्ये कोल्हापूरसारख्या शाहू महाराजांच्या शहरात मोबाइलवरच्या ‘स्टेटस’वरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर एका जोडप्याचा व्हिडिओ हुतात्मा नौदल अधिकाऱ्याचे अखेरचे क्षण म्हणून फिरला. शेवटी त्या जोडप्यालाच पुढे येऊन ‘आम्ही जिवंत आहोत’ असं सांगावं लागलं. मे महिन्यात, भारत आणि पाकिस्तान एकमेकांवर मारा करत असताना, आर्मा ३ या व्हिडिओ गेममधली दृश्यं युद्धाची म्हणून घराघरांत पाहिली गेली आणि कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या काही वाहिन्यांनी रात्रभर चालवल्या. २०१२ मध्ये निदान खऱ्या छायाचित्राची जागा बदलावी लागत होती. आता जागा मुळात नसलेली दृश्यंही चालतात, आणि फोनवरून वाहिनीवर, वाहिनीवरून पुन्हा फोनवर अशी फिरत राहतात.

वाचकांना एक विनंती आहे. ‘सावध राहा’ असा संदेश गटात आला तर पाठवणाऱ्याला, मग ते काका असोत वा साहेब, मोकळेपणाने विचारा: गाव कोणतं, तारीख कोणती, कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद आहे? उत्तर आलं तर त्या ठाण्याला फोन लावा. उत्तर आलं नाही तर संदेश तिथेच थांबवा. आणि तुम्ही पाठवलेलं काही खोटं निघालं, तर खुलासा त्याच गटात, त्याच माणसांना पाठवा.