‘चुकणे’ : एका क्रियापदाची कुळकथा

‘चुकणे’ या क्रियापदात मुळात पाप नाही, गुन्हाही नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘भ्रंश्’, म्हणजे ढळणे, निसटणे, या धातूचे जे पर्याय दिले त्यांत ‘चुक्क’ आहे. ‘फिट्ट’ आणि ‘भुल्ल’ही आहेत. आपली चुकणे, फिटणे, भुलणे ही त्याच पंक्तीतली. म्हणून वाट चुकते, गाडी चुकते, नेम चुकतो. संस्कृतातल्या अपराधाचेही तसेच. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्या धनुर्धराला अमरकोश ‘अपराद्धपृषत्क’ म्हणतो.

‘गुन्हा’ मात्र फारसी. मलिक अहमदाने आमचे नगर वसविले. त्याच्या निजामशाहीसारख्या राजवटींच्या कचेऱ्यांतून असे शब्द मराठीत रुळले. गुन्ह्यामागे शिक्षा करणारा हाकिम उभा असतो. चुकण्यामागे केवळ चुकणारा माणूस.

कारखान्यात हा भेद पोटापाण्याचा ठरतो. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील केंद्राच्या नमुना आदेशांनी ‘नेहमीचा’ उशीर आणि ‘सवयीचा’ हलगर्जीपणा यांना गैरवर्तणूक म्हटले; एकदाच झालेल्या उशिराला नव्हे. नोटिशीतून तेवढे विशेषण गळाले की चुकीचा गुन्हा होतो. म्हणून आरोपपत्र हाती आले की आम्ही आधी विशेषणे शोधतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऋण अंगावरून उतरले की हिशेब चुकता होतो. ऋणकोच निसटला तर तो देणे चुकवितो. कामगाराची चूक मोजणाऱ्याने त्याचा पगार चुकता केला की चुकविला, हेही त्याच क्रियापदाने विचारले पाहिजे.