गोळी दिवस जाण्याआधी, सोनोग्राफी तिसऱ्या महिन्यात

पलूस-कुंडल भागातल्या द्राक्षबागायतदाराला वेगळे सांगायला नको, की ऑक्टोबर छाटणीनंतर दिसणारा घड एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच काडीत धरलेला असतो. तेव्हा चुकलं, तर नंतर कितीही खतं घाला, उपयोग नाही. बाळाच्या मेंदूचे आणि मणक्याचेही असेच आहे.

गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत बाळाची मज्जानलिका मिटते. ती डोक्याकडे उघडी राहिली तर मेंदू व कवटी पुरी बनत नाही. असे बाळ जगत नाही. पाठीकडे राहिली तर मणका उघडा राहतो, पाय लुळे पडू शकतात. हे 28 दिवस संपतात तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कैक घरांत तोवर दिवस गेल्याची खात्रीही नसते.

जुळ्यांत हा दोष एकट्या बाळापेक्षा जास्त आढळतो. बहुतेक वेळा एकच बाळ सदोष, दुसरे धडधाकट असते. खरा पेच इथंच आहे. मेंदू न बनलेले बाळ गर्भजल नीट गिळत नाही. पाणी वाढते, कळा लवकर येतात आणि चांगले बाळही अपुऱ्या दिवसांचे जन्मू शकते. दोघांची वार एकच असेल, तर एकावरचा उपाय दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून 11 ते 14 आठवड्यांत सोनोग्राफी करून बाळे किती आणि वार एक की दोन, हे कागदावर लिहून घ्यावे. दुसरी तपासणी 18 ते 20 आठवड्यांत. दोष दिसला तर सांगली-मिरजेला तज्ज्ञांना लगेच दाखवावे.

फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची रोजची गोळी दिवस जाण्याआधी किमान महिनाभर सुरू करून पहिले तीन महिने घ्यावी. आधीचे बाळ असे झाले असेल, तर डॉक्टर मोठा डोस देतात. अशा मातांत दोष पुन्हा होण्याचे प्रमाण त्याने सुमारे 72 टक्क्यांनी घटल्याचे 1991 साली सिद्ध झाले. गोळीने प्रत्येक दोष टळतोच असे नाही, म्हणून सोनोग्राफी चुकवू नये.

ग्रहण पाळलं नाही म्हणून सुनेला बोल लावू नका. ग्रामसेवकांनी विवाह नोंदणीला आलेल्या जोडप्याची गाठ आशाताईंशी घालून द्यावी. गोळीची वेळ तीच आहे.