लष्कर येतें, लष्कर जातें : खातेदाराची सोय काय ?

पुण्याच्या आसमंतांत जमीन करणाऱ्या खातेदारास लष्कर हा परका शेजारी नाहीं. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा. आमच्या मारुंजीच्या उत्तरेस देहू रोडची छावणी आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीची कोनशिला पंडित नेहरूंनीं 6 ऑक्टोबर 1949 रोजीं बसविली. देशाच्या रक्षणास जमीन लागते, याविषयीं वाद नाहीं. प्रश्न एवढाच कीं, या शेजाऱ्याचें येणें, राहणें आणि जाणें या तिन्ही प्रसंगीं रयतेचें जें नुकसान होतें, तें कोणत्या कायद्यानें भरून मिळावयाचें ? आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. त्या आधारें चार गोष्टी वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम येण्याचा विचार करूं. जमीन कायमची घेतल्यास 2013 चा भूसंपादन कायदा लागतो. तो 1 जानेवारी 2014 पासून अंमलांत आहे. त्याअन्वयें ठरलेल्या मोबदल्यावर तितकीच दिलासा रक्कम मिळते. परंतु संरक्षणाच्या कामीं सरकारास कलम 40 ची तातडी वापरतां येते. मग हरकतींची नेहमींची चौकशी टळते. मात्र कब्जा घेण्यापूर्वीं अदमासे ठरविलेल्या मोबदल्यापैकीं शेंकडा 80 रक्कम द्यावी लागते. तातडीबद्दल शेंकडा 75 अधिक मोबदल्याचीहि तरतूद आहे. पण देशाच्या सुरक्षिततेच्या प्रकल्पांस ती बंधनकारक नाहीं. म्हणजे जेथें घाई अधिक, तेथेंच हा जादा पैसा हातीं न येण्याचा संभव.

दुसरा प्रकार राहण्याचा. यांत जमीन खातेदाराच्याच नांवें राहते, पण तिच्यावर बंधन येतें. 1903 च्या कायद्यानें संरक्षणाच्या जागेपासून 2000 यार्डांपर्यंतच्या जमिनीवर निर्बंध घालतां येतात. त्या हद्दींत लष्करी अधिकाऱ्याच्या लेखी मंजुरीवांचून घर वा भिंत बांधतां येत नाहीं. खत व शेतमालाचे ढीग रचण्यासहि परवानगी लागते. 1000 यार्डांच्या आंत फळबाग व जिवंत कुंपण यांसहि तोच नियम. यामुळें जमिनीची किंमत उतरते, म्हणून कायद्यानेंच भरपाई सांगितली आहे. कलेक्टर निवाडा करितो. तो मान्य नसल्यास प्रकरण कोर्टाकडे पाठविण्यास सांगतां येतें. पण सातबारा आपलाच आहे, या समाधानांत पुष्कळ खातेदार मागणी अर्जच करीत नाहींत.

गोळीबाराच्या सरावाची गोष्ट याहून निराळी. तेथें 1938 चा कायदा लागतो. अहमदनगरकडील के. के. रेंजच्या भोंवतालचे राहुरी, पारनेर व नगर तालुक्यांतील शेतकरी हा कायदा चांगला ओळखतात. सैन्याबरोबर कलेक्टरनें महसुली अधिकारी पाठवावा, आणि त्यानें जागेवर पाहणी करून पिकाची भरपाई ठरवावी, अशी त्याची योजना आहे. झारखंडांत नेतरहाटच्या रहिवाशांनीं अशा सरावक्षेत्राविरुद्ध सुमारें तीस वर्षें नेट धरला. शेवटीं 2022 सालीं तेथील सरकारनें अधिसूचनेस मुदतवाढ दिली नाहीं.

आतां तिसरा प्रकार जाण्याचा, आणि येथेंच आमचा मुख्य मुद्दा आहे. सैन्यास दूध पुरविणारीं लष्करी गोशाळा-क्षेत्रें 1889 पासून चाललीं. आपल्या पिंपरीसहि तसें एक होतें. 2017 मध्यें 39 क्षेत्रें बंद करण्याचें ठरलें, आणि 31 मार्च 2021 रोजीं तें खातें संपलें. गुरें सरकारी खात्यांस व सहकारी दूधसंघांस नाममात्र किमतीनें दिलीं. नोकरांस अन्यत्र सामावून घेतलें. गुरांची सोय झाली, नोकरांची झाली. परंतु ज्या गांवाची वैरण वा मजुरी अशा क्षेत्रावर अवलंबून असेल, त्याची विचारपूस करणारें कार्यालय आपल्याकडे नाहीं. 1 ऑक्टोबर 2021 पासून खडकीचा कारखानाहि म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला. अशा फेरबदलांत कामगारांचा विचार होतो, भोंवतालच्या गांवांचा होत नाहीं.

अमेरिकेंत 1961 सालींच यासाठीं स्वतंत्र कार्यालय निघालें. तळ बंद झाला कीं, तें स्थानिक संस्थेस तज्ज्ञ व पैसा देतें आणि मोकळ्या जागेची पुढील योजना आंखण्यास साह्य करितें. आपल्याकडे कलम 101 प्रमाणें 5 वर्षें न वापरलेली जमीन मूळ मालकास अथवा सरकारच्या भूमिकोषांत परत जाते. पण हें 2013 च्या कायद्यान्वयें घेतलेल्या जमिनींपुरतेंच. देहू रोड वा खडकवासल्याच्या जुन्या जमिनींस त्याचा लाभ नाहीं. या दोन उणिवा भरून काढण्याची मागणी शेतकरी संघांनीं एकमुखानें करावी.

तोंवर खातेदारांनीं एवढें तरी करावें. विहीर, झाडें व पीक यांची नोंद दरसाल सातबाऱ्यावर करून घ्यावी. जें दप्तरांत नाहीं, तें निवाड्यांत येणें कठीण. अधिसूचनेची नक्कल मागून ठेवावी. मोबदला उचलतांना पावतीवर ‘हरकत राखून’ असें लिहावें, नाहींतर वाढीव मोबदला मागण्याचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळीं हजर असल्यास 6 आठवड्यांच्या आंत अर्ज द्यावा. सरकारी मदत मागणाऱ्यास मिळते, आणि मागणें कागदावांचून चालत नाहीं.